परटाला न जमलेलं पांढरं

पांढऱ्या रंगाबद्दल मराठीचं एक धड मत नाही. गावठाणाला आपण पांढरी म्हणतो आणि शेताला काळी. म्हणजे माणूस राहतो पांढरीत आणि जगतो काळीच्या जिवावर. हाताला माती न लावता जगणारा तो पांढरपेशा. कुणाच्या चारित्र्याची ग्वाही द्यायची तर तो धुतल्या तांदळासारखा. इथवर सगळं छान. पण हाच रंग बाईच्या कपाळाला किंवा पायाला चिकटला की पांढऱ्या कपाळाची, पांढऱ्या पायाची! तिथे मग तांदूळबिंदूळ काही आठवत नाही कुणाला.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आपल्या मंडळ्यांमधून वारंवार कानावर पडणारं एक वाक्य. "शास्त्रात पांढरं म्हणजे पावित्र्य." उपदेशात येतं, लग्नाच्या बोलणीत येतं, संडेस्कूलच्या रंगीत चित्रांमधून तर येतंच येतं. वाक्य चूक नाही. पण ते इतक्या घाईत म्हटलं जातं की त्यातला सगळा जीव निघून जातो, आणि उरतं ते कधीकधी चक्क दुष्ट असतं. कसं ते पुढे सांगतो.

आधी आमच्या भोर-वेल्ह्याकडे या. (वेल्हे म्हणजे सरकारी कागदावर आता राजगड तालुका, पण तोंडातून वेल्हेच निघतं.) हा भाताचा मुलूख, आंबेमोहराचा. लावणीच्या दिवसांत पोटरीपर्यंत चिखल. तोरण्याच्या पायथ्याला आषाढात पाऊस लागला की आठ आठ दिवस उघडीप नाही, दोरीवरचं कापड वाळत नाही, नुसतं आंबत राहतं. चिखलणी करणारा माणूस पांढरं नेसून वाफ्यात उतरत नाही. पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपी ही त्याची ठेवणीतली चीजवस्तू: भोरच्या बाजाराला, जत्रेला, सोयरीक जमवायला, पंढरीच्या वाटेला. बाकीचे दिवस कापडाचा रंग कुठला म्हणाल तर मातीचा. तेव्हा पांढरं कुणाचं, तर ज्याला चिखलात उतरावं लागत नाही त्याचं, किंवा चिखलात उतरणाऱ्याच्या वर्षातल्या चार दिवसांचं. रंगाच्या आधी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी असं मला वाटतं, कारण शास्त्र लिहिलं गेलं तेव्हाही परिस्थिती काही वेगळी नव्हती. लोकर मळकट पांढरी, ताग मळकट पिवळा. झगझगीत पांढरं म्हणजे कुणाची तरी मेहनत.

कुणाची? परटाची! मार्कच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, येशू डोंगरावर जातो आणि त्याची वस्त्रं लखलखू लागतात. मत्तयाला तिथे प्रकाश आठवला. मार्कला आठवला परीट. पृथ्वीवरच्या कुठल्याही परटाला जमणार नाही इतकी ती पांढरी झाली, असं तो सांगतो. मला ही उपमा चारही शुभवर्तमानांतली सगळ्यात घरगुती वाटते. मराठी शास्त्रात तो "परीट" हा शब्द वाचला की बारा बलुतेदारांतला आपला परीटच नदीवर उभा राहिलेला दिसतो. रोमी जगातला परीट तर आणखी खालचा. शिळं मूत्र साठवून त्यात कपडे पायाने तुडवायचे, मग खडूची किंवा गंधकाची पूड लावून ते उजळायचे, हा त्याचा धंदा. सत्तेसाठी उभे राहणारे उमेदवार आपला झगा खडूने पांढराफेक करून लोकांत फिरायचे, आणि त्यावरून त्यांना जो लॅटिन शब्द पडला तो पुढे इंग्रजीत "कँडिडेट" झाला. (आपल्याकडच्या कडक इस्त्रीच्या उमेदवारांकडे पाहून हसू नका, परंपरा दोन हजार वर्षांची आहे.) म्हणजे पांढरा दिसणारा एक आणि दुर्गंधीत उभा राहून तो पांढरेपणा तयार करणारा दुसरा. परटाची आणखी एक युक्ती आपल्याला माहीत आहेच: पांढरं पांढरं दिसावं म्हणून त्यात नीळ घालावी लागते.

थोडं विषयांतर. गाडगेबाबा १८७६ साली विदर्भात शेंडगाव इथे परटाच्या घरात जन्मले. ज्या जातीने पिढ्यानपिढ्या गावाचे कपडे पांढरे करून दिले, त्या जातीतला हा माणूस जन्मभर चिंध्या पांघरून हिंडला आणि गावं झाडत गेला. पांढऱ्या कपड्यांवर याहून मोठं भाष्य महाराष्ट्रात कुणी केलेलं मला तरी माहीत नाही. असो.

तर शास्त्र. पहिली गोष्ट, शास्त्रात पांढरं नेहमी चांगलं नाही. लेवीयच्या तेराव्या अध्यायात याजक अंगावरचा पांढरा डाग बघून माणसाला वस्तीबाहेर काढायचा की नाही ते ठरवतो. मोशेची बहीण मिर्याम कोडाने बर्फासारखी पांढरी होते, अलीशाचा चाकर गेहजी तसाच. आणि मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू धर्मपंडितांना चुना फासलेल्या कबरींची उपमा देतो. बाहेरून पांढऱ्या, आत हाडं. पौलानेही प्रमुख याजकाला चुना लावलेली भिंत म्हणून घेतलं आहे. म्हणजे ढोंगाचा रंगसुद्धा शास्त्रात पांढराच! हे संडेस्कूलच्या चित्रात येत नाही.

उलट लाल नेहमी वाईट नाही. यशयाने पाप लाल म्हटलं आणि क्षमा बर्फासारखी पांढरी, ते सगळ्यांना पाठ असतं. पण नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात जी सद्गुणी गृहिणी आहे, तिच्या घरातली माणसं किरमिजी कपडे घालतात आणि थंडीला भीत नाहीत. निवासमंडपाचे पडदे निळे, जांभळे, किरमिजी. राहाबेच्या खिडकीला बांधलेला आणि तिचं घरदार वाचवणारा दोर किरमिजी. ज्यांना लाल शालूची लाज वाटायला लागली आहे त्यांनी हे अधूनमधून वाचावं.

आणि याजक. निर्गममध्ये प्रमुख याजकाच्या पोशाखाचं केवढं वर्णन आहे! सोन्याची तार, रत्नं, झग्याच्या घेराला घुंगरं. पण वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, परमपवित्र स्थानात शिरताना त्याने हे सगळं काढून ठेवायचं आणि साधी तागाची वस्त्रं घालायची. भरजरी काढून साधं घालून देवापुढे जायचं. आपलं नेमकं उलट असतं.

आता मुख्य मुद्दा. पांढऱ्या वस्त्रांची खरी गर्दी आहे ती प्रकटीकरणात. तिथे वडील पांढऱ्या वस्त्रांत, सैन्य पांढऱ्या वस्त्रांत, घोडे पांढरे, सिंहासन पांढरं. सातव्या अध्यायात सगळ्या राष्ट्रांतला, सगळ्या भाषा बोलणारा, मोजता न येणारा जमाव उभा आहे आणि सगळ्यांच्या अंगावर पांढरे झगे. एक वडील योहानाला विचारतो, ही पांढऱ्या कपड्यातली माणसं कोण, कुठून आली? गावात अनोळखी माणसं दिसली की पारावरचा म्हातारा विचारतो ना, अगदी तसा प्रश्न. योहान म्हणतो, तुम्हालाच ठाऊक. मग उत्तर मिळतं: मोठ्या संकटातून आलेली ही माणसं आहेत, त्यांनी आपले झगे कोकऱ्याच्या रक्तात धुतले आणि पांढरे केले.

रक्तात धुतल्यावर कापड पांढरं होत नाही, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. योहानालाही ठाऊक असणार. तो मुद्दाम अशक्य गोष्ट सांगतोय. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं क्रियापद. धुतले. म्हणजे आधी मळले होते. त्या जमावातल्या एकाही माणसाचं पांढरं जन्माचं नाही. तो कापडाचा मूळ रंग नाही, तो इतिहास आहे. जखऱ्याच्या तिसऱ्या अध्यायातही हेच घडतं. यहोशवा नावाचा प्रमुख याजक घाणेरड्या कपड्यांत उभा, शेजारी आरोप करायला सैतान. वाद घालायला भरपूर जागा होती, कारण कपडे खरोखरच घाणेरडे होते. देव वाद घालत नाही. कपडे बदला, एवढंच सांगतो.

इथे कुणी म्हणेल, सार्दीसचं काय? तिसऱ्या अध्यायात सार्दीसच्या मंडळीत काही थोड्यांनी आपली वस्त्रं विटाळली नाहीत, ते पांढऱ्या वस्त्रांत चालतील, असं स्पष्ट आहे. बरोबर आहे. न मळलेल्यांचाही मान आहे शास्त्रात, तो कुणी काढून घेत नाही. पण पुढच्याच वाक्यात तेच वस्त्र विजय मिळवणाऱ्या कुणालाही देऊ केलं आहे. आणि त्याच अध्यायात लावदिकीयाच्या श्रीमंत मंडळीला सांगितलं आहे की तुम्ही नागडे आहात, माझ्याकडून पांढरी वस्त्रं विकत घ्या. स्ट्राबो नावाच्या जुन्या भूगोलकाराने नोंदवलंय की लावदिकीया काळ्याभोर, चकचकीत लोकरीसाठी प्रसिद्ध होतं. तिथल्या व्यापाऱ्यांना हा टोमणा किती झोंबला असेल! पैठणला जाऊन तुमच्याकडे नेसायला लुगडं नाही म्हणण्यासारखंच.

आता लग्नाकडे येतो. मघाशी "दुष्ट" हा शब्द वापरला तो याचसाठी.

ख्रिस्ती नवरीने पांढरं घालावं हे शास्त्रात कुठेही नाही. मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायात लग्नाच्या पोशाखाचा दाखला आहे, पण त्याचा रंग दिलेला नाही, आणि तो पोशाख पाहुण्याचा आहे, नवरीचा नाही. पांढऱ्या झग्याची चाल जगभर पसरली ती १८४० साली व्हिक्टोरिया राणीने लग्नात पांढरा पोशाख घातला त्यानंतर. त्याआधी युरोपातल्या नवऱ्या जो चांगला असेल तो रंग घालत. म्हणजे ज्याला आपण शास्त्र म्हणतो ते बहुतांशी राणीचं अनुकरण आहे, आपल्याकडे मिशनबरोबर आलेलं. महाराष्ट्रात त्याची पांढरी साडी झाली, हा आपल्या बायकांचा शहाणपणा. गोव्यात तर त्याहून मजा. चर्चमध्ये पांढरा गाऊन आणि नंतर लाल साडो. वसईकडच्या सामवेदी ख्रिस्ती बायकांचं पारंपरिक लुगडं लालच. तिथे कुणाचा विश्वास त्यामुळे पातळ झाल्याचं ऐकिवात नाही.

प्रकटीकरणात नवरी आहे खरी. एकोणिसाव्या अध्यायात तिला तेजस्वी, स्वच्छ, तलम ताग नेसायला दिला आहे. पण एक अध्याय मागे जाऊन बघा. तिथे बाबेल नगरीने काय घातलं होतं? तलम ताग, जांभळं, किरमिजी, सोनं, रत्नं, मोती. दोघींत तागाचं वस्त्र सारखंच. फरक इतकाच की नवरीच्या अंगावरून बाकीचं सगळं उतरलं आहे. आता आजच्या पांढऱ्या लग्नाचा खर्च, खडे, जरी, भाड्याचा गाऊन आणि त्यासाठी काढलेलं कर्ज बघा, आणि ठरवा की आपण दोघींपैकी कुणाला सजवतोय.

पण खर्च हा वेडेपणा झाला, दुष्टपणा नव्हे. दुष्टपणा असा: पांढरं म्हणजे पावित्र्य, तेव्हा जी "तशी" नाही तिने पांढरं नेसायचं नाही. विधवेचं दुसरं लग्न असेल तर दुसरा रंग. घटस्फोट झालेली असेल तर साधेपणाने, कुणाला न कळेलसं. आणि एखादीच्या बाबतीत कुजबुज असेल तर मंडळीतल्या चार बायका आधीच साडीचा रंग ठरवून मोकळ्या. हा नियमही पाश्चात्त्य शिष्टाचारातलाच, पण आपल्याकडे तो फार लवकर रुजला, कारण जमीन तयार होती. पांढऱ्या कपाळाची, पांढऱ्या पायाची म्हणणाऱ्या भाषेतच आपण वाढलो. तिकडे विधवेला पांढरं नेसायला लावत, इकडे विधवेला पांढरं नेसू देत नाहीत. रंग उलटा झाला, वागणूक तीच! आणि नवऱ्या मुलाच्या सुटाचा रंग ठरवताना त्याच्या मागच्या आयुष्याची चौकशी होते का हो कधी?

ज्या शास्त्राच्या नावावर हे चालतं, त्यात पांढरं मिळतं ते मळलेल्यांना. हे एवढं सरळ आहे की ते समजावून सांगावं लागतं याचंच मला आश्चर्य वाटतं.

याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावात, या रंगाचा एक वेगळा अर्थ एका बाईने जगून दाखवला आहे. पंडिता रमाबाई. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी गेले, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या काळी आपल्याकडे ब्राह्मण विधवेला केशवपन करून लाल आलवण नेसवत. बंगालात विधवेचं पांढरं. रमाबाईंची छायाचित्रं बघा: आखूड केस, पांढरी साडी. रंगीत नेसायला ख्रिस्ती झाल्यावर त्यांना कुणाची आडकाठी होती? पण त्या डोळे मिटून कुणाचं काही घेणाऱ्यातल्या नव्हत्या. इंग्लंडमधल्या भगिनींनी क्रूस दिला तर त्यांनी विचारलं, यावर अक्षरं लॅटिन कशाला, संस्कृत का नकोत? मांसाहार त्यांनी केला नाही, विलायती पोशाख केला नाही. पांढरी साडी मात्र राहिली. समाजाने जी खूण नशिबाची म्हणून दिली होती तीच अंगावर ठेवून त्यांनी शारदा सदन काढलं (मुंबईत १८८९, पुढच्या वर्षी पुण्यात), मग केडगावात मुक्ती उभारलं, दुष्काळात रस्त्यावर पडलेल्या मुली गोळा करून आणल्या. १८९६-९७ चा आणि त्यानंतर १९०० चा, असे दोन्ही दुष्काळ. मोठ्या संकटातून आलेली ही माणसं कोण, हा प्रश्न केडगावच्या फाटकाशी रोज विचारता आला असता. याच बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या १९२२ साली गेल्या, आणि त्यांचं संपूर्ण भाषांतर १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. रमाबाईंनी पांढऱ्याची व्याख्या कुठे लिहून ठेवली असेल-नसेल, पण ती साडी बघून विधवेला पांढरं नाकारायची हिंमत कुणाला व्हावी?

दुसरं उदाहरण ख्रिस्ती नाही, पण प्रकटीकरणाचा सातवा अध्याय वाचताना मला ते आठवल्याशिवाय राहत नाही. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला लाखो माणसं आली ती पांढऱ्या कपड्यांत. बायका पांढऱ्या लुगड्यांत, पुरुष पांढऱ्या सदऱ्यांत. ज्यांना गावाने धड कापडही नेसू दिलं नव्हतं, मढ्यावरचं नेसायला लावलं होतं, ती माणसं. ते पांढरंही जन्माचं नव्हतं, त्या दिवशी ठरवून अंगावर घेतलेलं होतं. आजही बौद्ध लग्नात नवरा-नवरी पांढऱ्यात असतात आणि त्यात विधवापणाचा संशय कुणाला येत नाही. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग ज्या वस्त्यांतून आला त्या याच वस्त्या. पांढऱ्या साडीचा अर्थ शिकायला आपल्याला व्हिक्टोरिया राणीपेक्षा नागपूर जवळ आहे, एवढंच माझं म्हणणं.

मग नवरीने पांढरं नेसू नये का? खुशाल नेसावं. उलट आपल्या गावांमधून पांढरी साडी नेसलेली, डोक्यात फुलं माळलेली, हसणारी नवरी चालत जाते तेव्हा पांढऱ्या कपाळाच्या त्या जुन्या धाकाला चांगलाच तडा जात असेल. ज्यांना लाल नेसायचं त्यांनी लाल नेसावं, नीतिसूत्रं पाठीशी आहेत. माझी हरकत फक्त साडीवरून चौकशी करण्याला आहे. लग्न लावणाऱ्या पाळकांनी आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी हे एकदा वेदीवरून मोकळेपणाने सांगायला हवं: दुसऱ्यांदा उभी राहणारी, मूल कडेवर घेऊन उभी राहणारी, जिच्याबद्दल गावभर बोललं गेलंय ती, हिला पांढरं नेसायचं असेल तर ते तिचं आहे, आणि बाकीच्यांपेक्षा काकणभर जास्तच तिचं आहे.

उपदेशकाने तर सल्ला दिलाय की कपडे सदा पांढरे असू देत आणि डोक्याला तेल कमी पडू देऊ नका. विधवेकडून नेमकं तेलच काढून घेणाऱ्या देशात हे वाक्य किती वेळा वाचलं गेलं असेल, आणि कुणाकुणाच्या तोंडून. आषाढातल्या वेल्ह्यात त्यातला पहिला अर्धा भाग पाळणं काही शक्य नाही. दुसरा जमण्यासारखा आहे.